ओठ नसलेला माणूस

पॅडिहॅमला त्या साली नोव्हेंबरातच नळ गोठले.
क्लिफर्डने ओटच्या रिकाम्या डब्यावर
तांब्याची तार गुंडाळली, ऐंशी वेढे,
मोजताना चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
स्फटिक बर्नलीहून आणला,
शेंगदाण्याएवढा, करडा, कुठेकुठे चमकणारा.
त्याला टोचायची एक बारीक तार,
तिला म्हणायचे मांजराची मिशी.
आमच्या खऱ्या मांजराने तिचा वास घेतला
आणि अपमान झाल्यासारखं तोंड फिरवलं.

एरियल आमच्या कपड्यांच्या खांबापासून
टॅटरसॉलांच्या धुराड्यापर्यंत.
"आणि वीज पडली तर?"
"तर आधी तुमच्याकडे," क्लिफर्ड म्हणाला.
तरी त्यांनी बांधू दिलं. अट एकच,
पहिल्या रात्री त्यांना बोलवायचं.

आठ वाजता किटली उतरवली,
गॅसबत्ती फुसफुसते म्हणून विझवली,
घड्याळ रजईत गुंडाळून वरच्या खोलीत नेऊन ठेवलं.
एक मेणबत्ती. पुडिंगच्या वाडग्यात
इअरफोनची जोडी, आणि वाडग्याभोवती
आमची डोकी, शेरडं पाण्यावर यावीत तशी.
क्लिफर्ड मिशी हलवतोय. खरखर.
पुन्हा खरखर.
मग मँचेस्टरहून, इतक्या टेकड्या ओलांडून,
कुणीतरी म्हणालं, गुड ईव्हनिंग.
मिस्टर टॅटरसॉल टोपी काढून म्हणाले, "तुम्हालाही."

आई मागे उभी होती.

सव्वीस वर्षं मागावर. तिशीतच कान गेले.
त्या शेडमध्ये सगळ्याच बायका ओठांनी बोलत,
तोंड मोठं करून, आवाज न काढता,
या टोकाची त्या टोकाला रेसिपी सांगायची.
भिंतीला कान असतात म्हणे,
आमच्या घराला आईचे डोळे होते.
ट्राममधून जाणारा पाद्री कुणाला काय म्हणाला
हे तिला काचेपलीकडून कळे.
घरात आम्ही सगळे मुक्यानेच बोलायचो,
भांडायचोसुद्धा.

आम्ही तिला खुर्चीत बसवलं, इअरफोन चढवले.
ती हसली, पाहुणीसारखी.
मग वाकली. डब्याकडे पाहिलं,
तारेच्या वेढ्यांकडे, स्फटिकाकडे,
वाडगा उचलून त्याच्या तळाशी.
काय शोधतेय ते मला कळलं.
तोंड.

मी तिच्या डोक्यावरचे इअरफोन काढले, स्वतः घातले,
स्टूल ओढून तिच्यासमोर बसले
आणि मेणबत्ती हनुवटीजवळ धरली.
तो सांगत गेला, मी ओठ हलवत गेले:
उद्या धुकं. लिव्हरपूलला कापूस अर्ध्या पेनीने वर.
(इथे तिने मान हलवली.)
मग कुणी गृहस्थ मधमाश्यांवर बोलले,
राणीमाशी कशी ओळखावी,
पोळ्याजवळ मोठ्याने का बोलू नये.
मेण माझ्या मनगटावर ओघळलं, मी थांबले नाही.

मग व्हायोलिन लागलं
आणि माझे ओठ अडले.
"काय?" आईचा आवाज, नेहमीसारखा
मोजमाप सुटलेला, घरभर.
मी काय सांगणार? तोंड उघडं ठेवून बसले.

तिने माझ्या कानाचा एक इअरफोन ओढून घेतला,
दातात धरला.
धोट्याच्या भोकातून सूत ओढून ओढून
झिजलेले ते दात. डोळे मिटले.
तिला डोळे मिटलेलं, जागेपणी,
मी प्रथमच पाहत होते.
कितीतरी वेळाने म्हणाली,
"सूत फार बारीक आहे."

ऐकू आलं का, मी विचारलं नाही कधी.
तेवढ्यात मांजर टेबलावर, मिशी घसरली,
मँचेस्टर गडप.
क्लिफर्डने आवाज न करता एक शिवी दिली,
आणि आईने, डोळे उघडताक्षणी ती वाचून,
त्याच्या कानशिलात लगावली.

पुढे भोंगेवाले रेडिओ घरोघर आले.
मिसेस पिकप एकदा ओठ ताणून विचारत होती,
सेलिना, तुला काय त्याचा उपयोग,
तो माणूस कसा बोलतो तुला काय माहीत?
आवाजाचं नाही माहीत, आई म्हणाली,
पण त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.